पावसाळ्यात डिनर सूट आणि जरीचा बंदगळा कसा सांभाळावा?

खानापूरकर यांचा प्रश्न

नमस्कार. माझा पुतण्या व्यापारी जहाजावर अधिकारी आहे. बोटीवर जाताना त्याने आपला काळा डिनर सूट आणि लग्नातला जरीकामाचा बंदगळा आमच्याकडे ठेवला असून, दिवाळीच्या सुमारास तो परत येईपर्यंत दोन्ही कपडे जसेच्या तसे राहावेत अशी माझी इच्छा आहे. आमचे घर जुने, चिऱ्याचे आहे आणि मृग लागल्यापासून नवरात्र तोंडावर येईपर्यंत भिंतीतल्या कपाटाला कुबट वास येत राहतो. सूट लोकरीचा असला तरी त्याचे लॅपेल (कॉलरखालची दुमडलेली पट्टी) आणि पँटच्या बाजूची पट्टी साटीनची आहे. दोन्ही कपडे लाँड्रीतून आले तसे प्लॅस्टिकच्या पिशवीतच टांगलेले होते. परवा पाहिले तेव्हा लॅपेलच्या वळीत पिठासारखी पांढरी बुरशी धरलेली दिसली. घरातील मंडळी डांबराच्या गोळ्या टाका म्हणतात, तर शेजारी कडक ऊन दाखवा म्हणतात. यांपैकी काय योग्य आहे आणि सूट पुन्हा ड्रायक्लीनिंगला द्यावा काय?

कॅम्पातील शिंपी यांचे उत्तर

सर्वप्रथम ती प्लॅस्टिकची पिशवी काढून टाकावी. ती दुकानातून घरापर्यंत कपड्याला धूळ लागू नये म्हणून असते. पावसाळाभर तिच्यात कपडा ठेवला तर आतली दमट हवा आतच कोंडते. हवेतील आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला दुसरे काही लागत नाही, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी या घाटालगतच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर ती त्याहून खाली क्वचितच येते.

पाऊस उघडला की सूट घराबाहेर, पण सावलीत टांगावा. लोकरीवरची बुरशी मऊ ब्रशने कापडाच्या लवीच्या दिशेने झाडावी. साटीनवर मात्र ब्रश न फिरवता कोरड्या मलमलीच्या तुकड्याने अलगद टिपावे. झाडताना नाकाला रुमाल बांधावा. पाणी मुळीच लावू नये, कारण साटीनवर पाण्याचा थेंब वाळला की त्याची कड उमटते आणि मग ती जात नाही. त्यानंतर एकदा ड्रायक्लीनिंग अवश्य करावे, पण कोट आणि पँट एकत्रच द्यावी, अन्यथा काही वर्षांत दोघांच्या काळ्या रंगात फरक दिसू लागतो. बुरशी कोठे होती ते दुकानदाराला दाखवावे आणि लॅपेलची वळी इस्त्रीने चपटी करू नये असे बजावून सांगावे. वळी मोडली की कोट कितीही महाग असला तरी भाड्याने आणल्यासारखा दिसतो.

कडक उन्हाचा सल्ला गोधडीसाठी ठीक आहे. काळ्या साटीनला ऊन लागले की त्यावर तपकिरी छटा येते.

कपाट भिंतीतलेच असेल तर पावसाळ्यापुरते कपडे तेथून हलवावेत आणि आतल्या भिंतीजवळच्या, पण भिंतीपासून चार बोटे पुढे ओढलेल्या कपाटात ठेवावेत. हँगर रुंद खांद्याचा लाकडी असावा आणि वरून जुन्या धुतलेल्या सुती धोतराचा अभ्रा घालावा. त्याला खळ नसावी. खळीवर कसर (कपडे खाणारी कीड) येते.

अथणीकर यांचे उत्तर

वरील सल्ला घाटालगतच्या भागासाठी बरोबर आहे, परंतु आमच्याकडे पाऊसच बेताचा असल्यामुळे खरी धास्ती कसरीची असते, आणि तिच्यासाठी डांबराच्या गोळ्या आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलो आहोत. गोळ्या पुरचुंडीत बांधून कपाटात वरच्या बाजूस टांगाव्यात, म्हणजे वाफ खाली उतरते.

कॅम्पातील शिंपी

अथणीकरांचे म्हणणे त्यांच्या हवेपुरते मान्य आहे. मात्र गोळ्यांची वाफ बंद जागेतच साचते आणि काम करते. कपड्यांना हवा लागावी म्हणून कपाट उघडे ठेवले तर ती टिकत नाही. शिवाय ओल किंवा बुरशी यांवर त्यांचा काही उपयोग नाही. घरात तान्हे मूल असल्यास त्या टाळाव्यात, कारण ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे वितंचक (एन्झाइम) कमी असते अशा बाळांना त्यांची वाफ बाधते. गोळ्यांबरोबर कापूर तर कधीच ठेवू नये. दोन्ही एकमेकांच्या संपर्काने पातळ होतात आणि कपड्यावर डाग पडतो. कसरीचे पाखरू स्वतः काही खात नाही, खाते ती अळी, आणि तिला घामाचे व जेवणाचे डाग असलेली लोकर सर्वांत प्रिय असते. म्हणून कपडा स्वच्छ करून ठेवणे हाच तिच्यावरचा पहिला उपाय आहे.

मेसमध्ये नोकरी केलेले एक निवृत्त

बोटीवरच्या अधिकाऱ्याचा सूट म्हटल्यावर पांढरा शर्ट आणि चकाकते पेटंट लेदरचे बूटही असणारच. शर्ट खळ न घालता धुऊन ठेवावा, नाहीतर तो काखेत आणि कॉलरवर पिवळा पडतो. पेटंट लेदरचे दोन बूट एकमेकांना टेकवून ठेवू नयेत. दमट उकाड्यात त्यांचे पृष्ठभाग चिकटतात आणि ओढून वेगळे केल्यास वरचा थर निघतो. मध्ये फडके घालावे. पॉलिश लावू नये, किंचित ओलसर फडक्याने पुसणे पुरेसे आहे.

पूर्वी कपाटात कमी शक्तीचा दिवा लावून ठेवत. त्यात आगीची भीती होतीच आणि हल्लीचा एलईडी दिवा तर फारसा तापतही नाही. त्यापेक्षा सिलिका जेलचे खडे ठेवावेत. ओल धरून खड्यांचा रंग बदलला की मंद आचेवर तापवून ते पुन्हा वापरता येतात; फक्त ती कढई नंतर स्वयंपाकाला घेऊ नये.

खानापूरकर

सर्वांचे आभार. बंदगळ्याच्या जरीविषयी कोणीच लिहिले नाही. तोही टांगूनच ठेवावा काय?

कॅम्पातील शिंपी

जरीकाम भरगच्च असेल तर टांगू नये, वजनाने खांदे ओघळतात. मलमलीत गुंडाळून आडवा ठेवावा आणि जरी जरीवर येणार नाही अशी घडी घालून मध्ये मलमलीचा पदर सोडावा. खऱ्या जरीत चांदी असते, ती हवेतल्या गंधकाने काळवंडते. अत्तर किंवा डांबराच्या गोळ्याही तिच्याजवळ नकोत. श्रावणात उघडीप मिळेल तेव्हा एकदा घडी मोडून दुसऱ्या बाजूने घालावी.