एक्स्चेंजवर आलेली पोरगी परत चाललीय, निरोप कसा द्यायचा?

शिवाजीपेठकरीण
नमस्कार मंडळी. जरा सल्ला पाहिजे होता. आमच्या घरी एक जर्मन पोरगी राहतेय, सतरा वर्षांची, रोटरीच्या युथ एक्स्चेंजमधनं गेल्या ऑगस्टात कोल्हापूरला आली. या प्रोग्रॅममध्ये पोरं वर्षभरात दोन-तीन घरं बदलतात, तसं आमचं तिचं शेवटचं घर. शाहू जयंती झाली की त्याच आठवड्यात मुंबईहून फ्लाइट आहे, म्हणजे आता दिवस थोडेच राहिले आणि घरात सगळ्यांची तऱ्हा वेगवेगळी चाललीय.

सासूबाई काही बोलत नाहीत पण ताटात वाढतच सुटल्यात. तिची पहिली भाकरी म्हणजे महाराष्ट्राचा नकाशा होती, सासूबाईंनी रोज संध्याकाळी परातीसमोर बसवून शिकवलं आणि आता टम्म फुगवते, तर परवा तिची भाकरी तव्यावर फुगली आणि सासूबाई पदर डोळ्याला लावून म्हणतात धूर झालाय. गॅसवर कसला आलाय धूर. मिस्टर तिकिटाचं नाव काढलं की पेपर उघडतात.

खरा प्रश्न पोराचा आहे. यंदा आठवीत गेला. दोघांचं लई गूळपीठ होतं, त्यानंच तिला पेठेच्या टीमचा फुटबॉल बघायला शिकवलं, कुणाला शिव्या घालायच्या तेसुद्धा. तिला गाडी चालवायची परवानगी नाही, एक्स्चेंजचा नियमच आहे, त्यामुळं माझ्या अ‍ॅक्टिव्हावर ती मागं आणि हा पुढं उभा असं आमचं गावभर फिरणं झालं (पोलीसदादा वाचत असतील तर माफी). तर ज्या दिवशी तिकिटाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आली त्या दिवसापासनं हा तिच्याशी बोलतच नाही. ती खोलीत आली की हा बाहेर. ती मला विचारते, काकू, मी काय केलं?

आणि वर गल्लीतल्या बायका आणि ह्यांचे मित्र म्हणतात हॉल घेऊया, फेटा बांधूया, शाल-श्रीफळ, दोन-चार भाषणं. पोरीनं माझ्याजवळ हळूच सांगितलंय, स्टेज नको, मी लोकांसमोर रडते. तर आता हॉल घ्यायचा का नाही, मुंबईला सगळ्यांनी जायचं का, तेवीस किलोत बसवून द्यायचं काय, आणि ह्या पोराचं काय करायचं? कुणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा.

पेठेतला_भिडू
काकू फेटा झालाच पाहिजे, त्याला पर्याय नाही. कोल्हापुरातनं पाहुणा बिनफेट्याचा गेला तर तालमीचं नाव जातं. हॉल नको म्हणते ना, मग गल्लीतच करा की, हलगी आम्ही बघतो, पाच मिनिटात विषय हार्ड करतो आणि भाषण कुणालाच करू देत नाही. आणि पोराचं टेन्शन घेऊ नका, त्याला राग तिचा नाही आलेला. माझी ताई लग्न होऊन गेली तेव्हा मी पण तिच्याशी असाच बोलत नव्हतो आणि वरातीत सगळ्यात जास्त मीच नाचलो. पेठेच्या टीमचा टी-शर्ट मात्र त्यालाच द्यायला लावा तिला, दुसऱ्या कुणी दिला तर खरंच भांडण होईल.

फिरून_आलेली
ताई, मी ह्याच्या उलट्या बाजूनं सांगते. मी स्वतः अकरावीनंतर एक्स्चेंजवर फ्रान्सला होते, एका छोट्या गावात. शेवटच्या आठवड्यात इतके कार्यक्रम झाले, शाळेत केक, क्लबात डिनर, शेजाऱ्यांकडं जेवण, की ज्या घरात राहिले त्या घरात निवांत बसायलाच मिळालं नाही. मला आठवतंय काय तर शेवटच्या सकाळी तिथल्या काकांनी रोजच्यासारखं पैसे हातात ठेवले आणि म्हणाले जा, ब्रेड घेऊन ये. दुकानदारीण बाईनं नेहमीसारखं विचारलं आज जास्त भाजलेला का कमी, मी सांगितलं, आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून अर्धा ब्रेड रडत रडत खाल्ला. काकांनी अर्धा ब्रेड बघितला आणि काहीच विचारलं नाही. बाकी सगळे समारंभ माझ्या डोक्यात एकात एक मिसळून गेलेत.

म्हणून म्हणते शेवटचे दोन दिवस कुणालाही देऊ नका. गल्लीचं काय असेल ते आधीच्या रविवारी उरकून टाका, फेटा हलगी सगळं. नंतर भाकरी, अ‍ॅक्टिव्हा, आजी, रंकाळ्यावर चक्कर, जे रोज चालतं तेच.

अजून एक, ह्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. ती घरी पोचल्यावर तिला जास्त जड जाणार आहे. १९५५ मध्ये लिसगार्ड नावाच्या संशोधकानं परदेशी राहून आलेल्या नॉर्वेच्या लोकांचा अभ्यास करून मनाचा चढउतार यू अक्षरासारखा असतो असं मांडलं, आणि मग १९६३ मध्ये जॉन आणि जीन गुलाहॉर्न यांनी सांगितलं की यू नाही, डब्ल्यू, कारण घरी परतल्यावर माणूस परत एकदा खाली जातो. मला कुणी हे आधी सांगितलं नव्हतं. कोल्हापूरला आल्यावर आई आवडीचं करून घालायची आणि मी खोलीत बसून फ्रेंच रेडिओ ऐकायची, आईला वाटायचं पोरगी शेफारली. तर तिला हे सांगून पाठवा, आणि तुम्हीही पहिले पंधरा दिवस रोज व्हिडिओ कॉल लावू नका. रोज फोन आला की मन तिकडंच राहतं, तिला तिकडच्या मैत्रिणी परत जोडायच्या असतात. आठवड्यातला एक वार ठरवा.

सामान_मास्तर
बाकीचं भावनिक तुम्ही बघा, मी सामानाचं सांगतो, माझा धंदाच तो आहे.

आधी एअरपोर्ट. मुंबईला टर्मिनलच्या दारात सीआयएसएफवाले तिकीट आणि पासपोर्ट बघतात, बिगर तिकिटाचं माणूस आत जात नाही. म्हणजे सगळी वरात घेऊन गेलात तरी निरोप होणार गाड्या लागतात तिथं, मागनं हॉर्न, ट्रॉली सापडत नाही, आणि तो शिट्टीवाला गाडी काढा गाडी काढा करतोय. तिथं कुणाला नीट मिठीपण मारता येत नाही. रात्रीच्या महालक्ष्मीनं जाणार असाल तर रडणं-बिडणं कोल्हापूर स्टेशनवर उरका, मुंबईपर्यंत एकानंच जावं, आणि ते माणूस न रडणारं असावं.

आता खायचं. बाहेरच्या देशातनं युरोपात शिरताना दुधाचे आणि मटणाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप बाद. पेढे-बर्फीच्या भानगडीत मी पडणार नाही, दूध दिसलं की प्रश्न विचारतात. आंबा पण बाद. फळं-भाज्यांना तिकडं सर्टिफिकेट लागतं, सूट फक्त पाच फळांना: केळं, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. तर हापूस इथंच पोटभर खाऊ घाला, सीझन संपत आलाय तरी मिळेल कुठंतरी. कांदा-लसूण मसाला, गूळ, लाल पोहे, चिवडा बिनधास्त. मसाला दोन पिशव्यांत घालून टेप मारा, नाहीतर जर्मनीत कपडे घातले की शिंका. काकवी देणार असाल तर प्लास्टिकच्या बाटलीत आणि चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत शंभर मिलीच्या वर पातळ काही चालत नाही.

तिचा तो बिल्ल्यांचा निळा ब्लेझर असेल ना, एक्स्चेंजच्या पोरांचा असतो, प्रत्येक देशातल्या पोराबरोबर पिना बदलून बदलून किलोभर जड होतो, तो अंगात घालूनच जाऊ दे. ती पोरं तसंच करतात, वजन वाचतं.

रंकाळ्याचे_गुरुजी
चर्चा वाचून बरे वाटले. एक गोष्ट ध्यानात आणून देतो. परगावच्या पोरांना ठेवून घेऊन शिकवणे ही आपल्या गावाची जुनी सवय आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, त्यानंतर एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहत गेली, १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. मी स्वतः खेड्यातून येऊन बोर्डिंगातच शिकलो. वर्ष संपले की आम्ही पोरे ट्रंका बांधायचो आणि सुपरिंटेंडेंट साहेब दारात उभे राहून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, पत्ता नीट लिहून दिलास का? बास. कसला हार नाही न् तुरा नाही. तुमची पाहुणी शाहू जयंतीला इथेच आहे, तर दसरा चौकात पुतळ्यापाशी तिला घेऊन जा आणि हा वसतिगृहांचा इतिहास सांगा.

मुलाबाबत माझा शिक्षकी अनुभव असा की ह्या वयाच्या पोराला समजूत घातलेली आवडत नाही. समोर बसवून बोललात तर तो आणखी मिटेल. त्याला जबाबदारी द्या. बॅगेचे वजन करणे, चपला घ्यायला तिला घेऊन जाणे, भाव करणे. हाताला काम असले की तोंड आपोआप सुटते. आणि नाही सुटले तरी तिला कळते.

फेट्याला माझा विरोध नाही. हलगीला आहे.

पेठेतला_भिडू
गुरुजी हलगीवर काय राग? बरं ढोल नाही आणत, एकच हलगी, हळू वाजवतो. पण चपलांचं बोललात ते एक नंबर. काकू, पायताण द्याच. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडानं आपल्यासारखीच चप्पल रॅम्पवर आणली आणि बोंबाबोंब झाल्यावर कबूल करावं लागलं की प्रेरणा इकडचीच. ही पोरगी चप्पल लाईनमधनं घेतलेलं ओरिजिनल घालून तिकडं फिरली की बघा. पण घेऊन येऊन देऊ नका, मापाला तिलाच न्या, आणि जायच्या आधी चार दिवस घरात घालून फिरू दे, नवीन पायताण चावतंय. तेल लावायचं आतनं. पावसात अजिबात नाही.

मंगळवारपेठ_काकू
सगळे पुरुष चपला आणि हलगीवरच. पोरगी घरातनं चाललीय, ओटी कोण भरणार? पण मला शंका अशी आहे की लग्न न झालेल्या मुलीची ओटी भरत नाहीत ना आपल्यात? आमच्याकडं कुंकू लावून ड्रेसपीस देतात फक्त. खण-नारळ सवाष्णीलाच.

शिवाजीपेठकरीण
सगळ्यांचे आभार. थोडं झालंय ते सांगते. हॉल रद्द. रविवारी गल्लीत फेटा, एक हलगी (गुरुजी सॉरी), मग आमच्याच घरी गच्चीवर तांबडा-पांढरा, ज्याला यायचं त्यानं यावं, भाषण नाही. मिस्टर एकटे मुंबईला सोडायला जाणार, न रडणारा माणूस म्हणून त्यांनी स्वतःच नाव दिलंय, बघू.

पोराला चप्पल लाईनला पाठवलं तिच्याबरोबर, पैसे त्याच्याच हातात दिले. गेले तेव्हा दोघं फुटपाथच्या दोन टोकांनी. तिथं काय झालं ते दुकानदाराकडनंच कळलं, ओळखीचे आहेत. तिच्याशी हा एक शब्द बोलला नाही म्हणे पण तिच्या वतीनं असा काही भाव केला, ही बाहेरची नाही काका, आमच्या घरातली आहे, फॉरेनरचा रेट लावू नका. तिनं ते ऐकलं आणि तिला सगळं कळतं आता मराठी. घरी आले ते भांडतच आले, कापशी चांगली का साधी चांगली ह्यावर. म्हणजे अजून नीट बोलणं नाहीच पण भांडण सुरू झालंय. टी-शर्ट अजून दिला नाही, कपाटात दडवून ठेवलाय, मी बघितलं नाही असं दाखवतेय. डब्ल्यूचं मी तिला कागदावर काढून दाखवलं, ती म्हणाली शेवटची काडी वर जाते ना, मग ठीक आहे. फोनचा वार गुरुवार ठरलाय.

काकू, ओटीचं सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या माझी नात हाय, मी भरणार, शास्त्र मला नको शिकवू. खण आणलाय हिरवा. आता त्यांचा हट्ट की ओटीतला नारळ तिनं जर्मनीला न्यायचाच, तिच्या आईच्या हातात द्यायचा. सामान मास्तर, तुम्ही नारळाला युरोपात सूट आहे म्हणालात, पण विमानात चालतो का?

सामान_मास्तर
युरोपात चालतो पण विमानात शिरताना कटकट आहे. सुकं खोबरं तर चेक-इनलासुद्धा नाही, तेल असतं, पेट घेतं म्हणून धोक्याच्या मालात धरतात. अख्खा नारळ हातातल्या बॅगेत अडवतात, चेक-इनचं एअरलाइनप्रमाणं वेगळं असतं. तिच्या एअरलाइनच्या कस्टमर केअरला आजच मेल टाका आणि उत्तराची प्रिंट बॅगेत ठेवा. शेंडी काढून सोललेला, ताजा, हलवला की पाणी वाजणारा घ्या. नाहीच म्हणाले तर ओटी भरल्यावर आजींनी तिच्याच हातानं नारळ फोडून घ्यावा, वाटीभर खोबरं तिथंच खायला द्यावं आणि तिच्या आईसाठी खण आणि सुपारी पाठवावी. वजनात पण अर्धा किलो सुटतो, त्यात मसाल्याची अजून एक पिशवी बसेल.