शब्दचर्चा : ‘अमर’ म्हणू की ‘चिरंजीव’? (बटलरच्या ‘वाइल्ड सीड’वरून)

उगाचच :
ऑक्टेव्हिया बटलरची ‘वाइल्ड सीड’ वाचून झाली, १९८० ची सायन्स फिक्शन कादंबरी. पुढे भरपूर स्पॉयलर आहेत, आधीच सांगते. गोष्ट अशी की १६९० साली आजच्या नायजेरियात, इग्बो लोकांच्या मुलखात, वर्षानुवर्षं न मेलेली दोन माणसं एकमेकांसमोर येतात. डोरो मूळचा नूबियाकडचा (इजिप्तच्या दक्षिणेचा जुना मुलूख), वय ३७०० च्या आसपास, तो एका शरीरातून दुसऱ्यात जातो आणि ज्याच्यात शिरला तो माणूस तिथंच संपला. आन्यान्वू तीनेकशे वर्षांची, औषधपाणी करणारी, स्वतःचं शरीर आतून ओळखते आणि हवं ते रूप घेते, बिबट्या काय, डॉल्फिन काय. डोरो हजारो वर्षं अंगात काहीतरी वेगळी शक्ती असलेली माणसं हुडकून त्यांच्या जोड्या लावत बसलाय, हिला मात्र पोरंबाळं, नातवंडं, आपला गोतावळा जगला पाहिजे. मग न्यूयॉर्क वसाहत, पुढे लुइझियाना, असं दीडशे वर्षं दोघांचं चालू.

मराठीत परिचय लिहायला घेतला आणि पहिल्याच वाक्याला अडले, कारण दोघांना ‘अमर’ लिहिलं की सिनेमातली जोडी वाटते आणि ‘चिरंजीव’ लिहिलं की लग्नपत्रिका. काय लिहू?

कोशकिडा :
लग्नपत्रिकेतला ‘चि.’ तोच आहे, फक्त तिथं तो आशीर्वाद आहे. ‘चिर’ म्हणजे पुष्कळ काळ, कायमचा नव्हे, हे आपण विसरतो. सप्तचिरंजीवांतला अश्वत्थामा घ्या, सौप्तिकपर्वात कृष्ण त्याला शाप देतो तो ३००० वर्षं भटकण्याचा आहे, अनंतकाळ वगैरे तिथं काही नाही. तेव्हा चिरंजीव म्हणजे ‘लांब पल्ल्याचा’, मरणारच नाही असं नाही.

अमर वेगळा, आणि अजर त्याहून वेगळा. अमरकोशात देवांची नावं सुरू होतात तीच ‘अमर’, ‘निर्जर’ अशी लागोपाठ, म्हणजे न मरणं आणि म्हातारं न होणं या दोन गोष्टी आहेत हे तेव्हाही माहीत होतं. आपण मात्र ‘अजरामर’ असं एकत्र बांधून ते नाट्यगीतांना देऊन टाकलं.

तर तुमच्या कादंबरीत कोण कुठल्या खात्यात जातो ते आधी ठरवा.

उगाचच :
आन्यान्वू सरळ अजर. तिला म्हातारपण नाही, जखम झाली तर स्वतः भरून काढते, पण मरू शकते, डोरोने मनावर घेतलं तर मारूही शकतो. मग डोरो अमर का?

खलबत्ता :
नाही ना! ताई, तो तर तेरा वर्षांचा असतानाच मेलाय. पुस्तकातच आहे, त्या वयात त्याचं मूळ शरीर गेलं आणि तो काय होतंय ते न कळता सगळ्यात जवळ असलेल्या आईच्या शरीरात गेला, मग बापाच्या. तेव्हापासून तो मरतोच आहे, फक्त दरवेळी मरण दुसऱ्याच्या खात्यावर टाकतो. याला अमर म्हणणं म्हणजे उधारीवर जगणाऱ्याला श्रीमंत म्हणण्यासारखं आहे.

आणि ही कादंबरी बटलरच्या ‘पॅटर्निस्ट’ सिरीजमध्ये कथेच्या काळाने पहिली असली तरी ‘माइंड ऑफ माय माइंड’ १९७७ मध्येच आली होती आणि त्यात डोरो संपतो. म्हणजे १९८० साली पहिल्यापासून वाचणाऱ्यांना माहीत होतं की या दोघांपैकी कुणीही अमरपट्टा घेऊन आलेलं नाही.

डोरोसाठी आपल्याकडे तयार शब्द आहे, परकायाप्रवेश.

कोशकिडा :
अर्धाच बसतो. शंकराचार्यांच्या कथेत ते अमरू राजाच्या शरीरात जातात तेव्हा राजा आधीच मेलेला असतो, घर रिकामं होतं, हे राहायला गेले. डोरो राहत्या माणसाला बाहेर काढून घर बळकावतो. ‘अंगात येणं’ पण चालणार नाही, कारण अंगात आलेलं उतरतं, बाई पाणी पिते आणि पुन्हा आपली होते.

खलबत्ता :
मान्य. तरी परकायाप्रवेश ठेवाच आणि पहिल्यांदा शब्द येईल तिथं एका ओळीत सांगून टाका की मूळ मालक परत येत नाही. आन्यान्वू स्वतः त्याला पहिल्या भेटीत तिच्या भाषेतला शब्द लावून बघते, ओग्बांजे, म्हणजे एकाच आईच्या पोटी पुन्हा पुन्हा जन्माला येऊन मरणारं आणि तिला रडवणारं पोर. तो शब्द तसाच राहू द्या, कारण मराठी माणसाला भावना समजायला अडचण नाही, पोरं जगत नसली की आपल्याकडे धोंडू, दगडू, केरू अशी नावं ठेवायचेच की. इग्बोंमध्येही अशा पोरांना मृत्यूची विनवणी करणारी नावं देत.

बांधावरून :
शीर्षकाचं काय करणार? ‘रानटी बीज’ कृपा करून लिहू नका, रानटी म्हटलं की दगड घेऊन धावणारा माणूस दिसतो. डोरो ज्यांना वाइल्ड सीड म्हणतो ती त्याच्या वस्त्यांच्या बाहेर, त्याने न लावता उगवलेली माणसं. त्याला आमच्याकडे नुसतं ‘रान’ लावतात, रानकेळ, रानतुळस, रानहळद, तसं ‘रानबी’ म्हणा. गावरान मात्र नको, गावरान म्हणजे गावातलंच पण जुनं देशी वाण, ते कुणीतरी पिढ्यानपिढ्या राखलेलं असतं.

आणि डोरोला रानबी हवी का असते तेही शेतीतलंच आहे. तेच तेच वाण आपसात करत राहिलं की रोगाला बळी पडतं, मग नवीन गुण बाहेरून आणावा लागतो. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ग्रासी स्टंट या व्हायरसच्या रोगाला तोंड देणारा गुण उत्तर प्रदेशातून गेलेल्या एका रानभातातून घेतला आणि तो १९७६ च्या आयआर-३६ या भाताच्या वाणात आला. रानभात त्यानंतर कुणी शेतात लावला नाही, गुण काढून घेतला आणि विषय संपला. डोरोचा पहिला विचार अगदी हाच असतो, हिच्यापासून पोरं मिळवायची आणि मग हिला संपवायचं, कारण रानबी ताब्यात राहत नाही.

त्याच्या त्या कामाला ‘संकरण’, ‘वंशसुधार’ असले सरकारी शब्द पण लावू नका, ‘पैदास’ लिहा. पैदास जनावराची करतात, माणसाची म्हटली की शिवी लागते आणि ती लागायलाच पाहिजे. तिला जोडीदार ठरवून देतो तिथं ‘वळू’ शब्द येऊ द्या बिनधास्त. शुद्ध बीजापोटी वगैरे मात्र त्याच्या तोंडी घालू नका हो, तुकोबांना यात कशाला ओढायचं.

उगाचच :
पैदास घेतला! माझ्याकडे ‘संकर’ लिहिलं होतं, ते आता फार गुळगुळीत वाटतंय. आन्यान्वूच्या रूप बदलण्याला काय? कायापालट?

खलबत्ता :
कायापालट आता फक्त बसस्टँडचा होतो. बहुरूपी म्हटलं तर खोट्या पोलिसाच्या वेषात दारात येणारा कलाकार, आणि हिचं तर वरून चढवलेलं काहीच नाही, प्राण्याचं मांस खाऊन त्याचं शरीर आतून कसं आहे ते शिकते. ‘कामरूपिणी’ आहे जुना, पण तो रामायणात शूर्पणखेला लागतो, त्यामुळे वाचक आधीच तिच्या विरोधात जाईल. मी तर साधं ‘ती बिबट्या झाली’ एवढंच लिहीन, होणे हे क्रियापद पुरेसं आहे.

पण तिच्यासाठी एक शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, इच्छामरण. भीष्माचा. शेवटच्या, १८४० पासूनच्या भागात ती भांडत नाही, पळत नाही, नुसतं ठरवते की आता बास, शरीर बंद करायचं. आणि तिथं पहिल्यांदा डोरो घाबरतो, रडतो, अटी मान्य करतो, कारण ३७०० वर्षांत त्याच्यासोबत कायम राहू शकेल अशी ही एकटीच भेटलेली. तिच्याकडे त्याच्याविरुद्ध चालणारं हत्यार एकच होतं, मरता येणं. म्हणून म्हणते, तिला ‘अमर’ लिहिलंत तर शेवट कळणारच नाही, वाचक म्हणेल अमर बाई मरायची धमकी कशी देते?

कोशकिडा :
मुद्दा बिनतोड. फक्त इच्छामरण हा शब्द आता बातम्यांनी हॉस्पिटलात नेऊन ठेवलाय, सुप्रीम कोर्टाच्या २०११ आणि २०१८ च्या निकालांपासून तर वाचकाला व्हेंटिलेटरच दिसतो. भीष्माचा उल्लेख एकदा केलात तर वाचेल.

पहिल्या वाक्यासाठी ‘दीर्घायुषी’ पण नको, तो नव्वदीच्या सत्काराचा शब्द आहे. नामच का पाहिजे? ‘तो मरून उरतो, ती म्हातारी होत नाही’ असं लिहा.

उगाचच :
हे चोरते. नावांचं पण सांगते, आन्यान्वू म्हणजे सूर्य, आणि डोरो म्हणजे त्याच्या लोकांच्या भाषेत पूर्व दिशा, सूर्य उगवतो ती. दोघांना हे जुळतंय म्हणून पहिल्या भेटीत बरं वाटतं. भाषांतर नाही करणार, पण सांगायला हवं.

शेवटची अडचण, संवादाचे तुकडे देतेय, तर ती त्याला तू म्हणेल की तुम्ही?

खलबत्ता :
तू. गाव तिला घाबरून असतं, ती कुणाला अहोजाहो करत असेल? आयझॅक डोरोचा मुलगा, तो आणि वस्तीतले बाकीचे सगळे ‘तुम्ही’.

बांधावरून :
वस्तीतले ‘आपण’ म्हणतील, देव मानतात त्याला.

कोशकिडा :
देवाला तर आपण तूच म्हणतो की हो, ‘विठ्ठला तू’.

बांधावरून :
मग मालकाला म्हणतात तसं ‘आपण’. देव तो नाहीच.