'क्लिमा'ला मराठीत काय म्हणावं? (आणि वाइन चाखतानाचे आणखी काही शब्द)

बोनवासी

फ्रान्समधल्या बर्गंडीत, बोन गावी मी राहते आणि छोट्या गटांना द्राक्षबागा, तळघरं दाखवायला नेते. गाडी नऊ आसनी, त्यातलं एक माझं, म्हणजे पाहुणे आठ. अलीकडे मराठी पाहुणे वाढलेत, काही थेट नाशिक-सांगलीकडचे, काही लंडन-दुबईत स्थायिक झालेले. एक गोष्ट नेहमी जाणवते. इंग्रजीतून सांगितलं की सगळे माना डोलावतात, मराठीतून सांगितलं की प्रश्न विचारतात. म्हणून मला सगळं मराठीतून सांगायचं आहे, आणि शब्द अडतायत.

सगळ्यात जास्त अडतो तो 'क्लिमा'. शब्दकोशात पाहिलं तर 'हवामान'. पण बर्गंडीत क्लिमा म्हणजे जमिनीचा एक ठरावीक तुकडा. त्याला नाव असतं, पिढ्यान्‌पिढ्या न हललेली हद्द असते, आणि त्या तुकड्याच्या वाइनची चव शेजारच्या तुकड्यापेक्षा वेगळी असते अशी ख्याती असते. इथल्या उतारावर असे 1247 क्लिमा मोजले आहेत, आणि 2015 साली युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीत घेतले.

मी आजवर 'मातीचा गुण' असं सांगून वेळ मारून नेत होते. मग गेल्या हंगामात आम्ही क्लो द वूजोला गेलो. सिस्टर्सियन मठवाश्यांनी भिंत घालून बंदिस्त केलेला हा मळा, जवळपास 50 हेक्टरांचा. गटातले एक शेतकरी काका वरच्या टोकाला, वाड्याजवळ, वाकले आणि त्यांनी चिमूटभर माती बोटांत चुरली. पांढुरकी, खडे लागणारी. मग खाली रस्त्याच्या कडेला पुन्हा तेच केलं. तिथली तपकिरी, जड, बोटाला चिकटणारी. म्हणाले, "ताई, तुम्ही मातीचा गुण म्हणता, पण इथे तर माती दोन तऱ्हेची आणि नाव एकच. मग नाव कशाचं?" मला उत्तर येत होतं, पण शब्द नव्हता.

तासगावकर

काकांचा प्रश्न बरोबर आहे. आमच्याकडं प्रत्येक वावराला नाव असतंय. चिंचेची पट्टी, विहिरीचा मळा, मुरमाड. सातबाऱ्यावर गट नंबर असतोय, पण घरात कुणी नंबर घेत नाही. "मुरमाडात औषध मारून झालं का?" असंच विचारतात. त्या नावातच जमीन कशी आहे ते कळतंय. 'पट्टी' किंवा 'वावर' म्हणा की.

बोनवासी

अगदी हेच इथे आहे! म्यर्सो गावातल्या एका क्लिमाचं नाव 'पेरिएर', म्हणजे दगडाच्या खाणी. बोनमधल्या एकाचं 'ग्रेव्ह', म्हणजे वाळू-खडी. 'जनव्रिएर' म्हणजे जिथे ज्युनिपरची झुडपं होती ती जागा. आणि जगभर गाजलेलं मोंराशे म्हणजे बोडका डोंगर. पाहुण्यांना ही नावं उलगडून सांगितली की लगेच जवळची वाटतात. पण 'पट्टी' म्हटलं की त्यातली पत, प्रतिष्ठा येत नाही असं वाटतं.

मोडीवाचक

जुन्या कागदांत एक शब्द आहे, तो पाहा: थळ. देशावरच्या गावांत जमिनीची विभागणी थळांत असे. थळांना नावं असत, आणि ज्याच्याकडे थळ वतनाने असे तो थळकरी, म्हणजेच मिरासदार. गावच्या जमिनींची थळवार नोंद ती थळझाडा. इंग्रजी अंमल सुरू होताना दख्खनची पाहणी करून जे अहवाल लिहिले गेले, त्यांतही थळकरी हा शब्द येतो. नाव, हद्द आणि प्रतिष्ठा ही तिन्ही अंगं यात आहेत. कसणारा बदलतो, थळाचं नाव राहतं.

बोनवासी

थळ! दोन दिवस हा शब्द मनातून जात नाहीये. काकांच्या प्रश्नाचं उत्तरही यात आहे. थळ म्हणजे नुसती माती नाही. उतार, पाण्याचा निचरा, ऊन किती वेळ राहतं ते, आणि माणसांनी शतकानुशतकं ती हद्द मानली ही गोष्ट, हे सगळं मिळून थळ.

क्लो द वूजोत आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. फ्रेंच वारसा कायद्याने वाटण्या होत गेल्या, विक्रीही झाली, आणि एकेकाच्या वाट्याला काही ओळी आल्या. थळ एक, पोटहिस्से ऐंशी. हे वाक्य मी परवा गाडीत म्हटलं आणि मागच्या सीटवरून लगेच "आमच्या गावासारखंच" असं आलं. तळघरात जाण्याआधीच अर्धं काम झालं होतं. एकाच थळाच्या दोन बाटल्यांची चव आणि किंमत इतकी वेगळी का, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

मोजमापाचंही सांगते. इथे अजून 'उव्रे' हे माप बोलण्यात आहे. एका माणसाने एका दिवसात हाताने मशागत करावी एवढी जमीन, 428 चौरस मीटर. आपल्या हिशेबात सव्वाचार गुंठे.

तासगावकर

छाटणी कशी असती तिथं? फोटोत वेली कमरेएवढ्याच दिसतात.

बोनवासी

हो, मांडव नाही. ओळीतलं आणि वेलींतलं अंतर साधारण एकेक मीटर, म्हणजे हेक्टरी 10,000 वेली. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. बहुतेक ठिकाणी एक लांब काडी ठेवून ती तारेला आडवी बांधतात आणि शेजारी पुढच्या सालासाठी दोन डोळ्यांचा खुंट राखतात. छाटलेल्या काड्या लोखंडी हातगाड्यात तिथेच जाळत पुढे सरकतात. जानेवारीत सगळ्या उतारावर धुराच्या रेषा दिसतात. काडी, डोळा, घड, मणी हे तुमचे शब्द मी जसेच्या तसे वापरते, तिथे काही नवं घडवायची गरजच नाही.

माजघर

चाखण्याच्या शब्दांबद्दल मला बोलायचंय. भाषांतरांत 'रसास्वादन', 'मद्यपरीक्षण' असले शब्द वाचले की तोंडाची चव जाते. 'चाखणं' आहे की! आमटी चाखून बघतो, घोटभर. पिणं वेगळं, चाखणं वेगळं, हा भेद मराठीत आधीच आहे. तोंडात फिरवण्याला 'घोळवणं'.

टॅनिनसाठी, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून वाइनमध्ये उतरणाऱ्या द्रव्याच्या चवीसाठी, 'तुरट' हा शब्द पुरेसा आहे, पण पाहुण्यांना नुसता शब्द देऊ नका, आठवण द्या. कच्च्या सुपारीचं खांड चघळल्यावर हिरड्या आवळतात, किंवा जांभळं खाल्ल्यावर जीभ राठ होते, ते. आवळ्याचं उदाहरण मात्र नको, तिथे आंबट आणि तुरट एकत्र येतं आणि ऐकणारा गोंधळतो.

बोनवासी

जांभळाचं उदाहरण घेतलंच! पिनो न्वारला, म्हणजे इथल्या काळ्या द्राक्षाच्या लाल वाइनला, ते शोभतंही. आता थुंकण्याच्या भांड्याचं बघा. दिवसाला दहा-बारा वाइन चाखायच्या तर थुंकावं लागतं, आणि आपल्या लोकांना फार संकोच वाटतो. 'पिकदाणी' म्हटलं की पानाचा लाल रंग डोळ्यांपुढे येतो.

माजघर

'तस्त' म्हणा. जेवण झाल्यावर हात धुवायला, चूळ भरायला पुढे करायचे ते. त्यात किळस नाही, अदब आहे. "चूळ भरल्यासारखं करा आणि तस्तात टाका", एवढंच सांगा.

मोडीवाचक

दोन शब्द झटपट. बाटलीवरच्या वर्षाला 'साल'. नेगोसियाँ म्हणजे दुसऱ्याची द्राक्षं किंवा वाइन विकत घेऊन, स्वतःच्या तळघरात ठेवून, स्वतःच्या नावाने विकणारा. त्याला 'अडत्या' म्हणू नका. अडत्या दलालीवर मध्यस्थी करतो, हा स्वतः माल घेतो. 'व्यापारी' बरोबर.

बोनवासी

मान्य. आता उरला माझा आवडता शब्द, एलव्हाज. वाइन पिंपात असते तो काळ. इथलं पिंप 228 लिटरचं, तळघर कायम थंड, आणि मुक्काम सहसा वर्ष-दीड वर्षाचा. फ्रेंचमध्ये हाच शब्द गुरं पाळण्याला वापरतात, आणि ज्या क्रियापदापासून तो आला तेच मुलं वाढवण्याला. मी 'मुरवणं' म्हणते.

तासगावकर

मुरवणं म्हणजे बरणीत घालून विसरून जायचं. पिंपाकडं तर सारखं बघावं लागत असणार. 'जोपासणं' म्हणा.

माजघर

लोणचं विसरून चालत नाही हो दादा! सुरुवातीला रोज ढवळावं लागतं, तेल वर आलं का बघावं लागतं, नाहीतर बुरशी धरते.

बोनवासी

तेलाचं ऐकून एकदम आठवलं. पिंपातली वाइन लाकडातून थोडी थोडी उडते, वर पोकळी राहते, आणि तिथे हवा लागली की बिघडते. म्हणून ठरावीक दिवसांनी पिंप वरपर्यंत पुन्हा भरतात. लोणच्यावर तेल कमी पडलं की आपण वरून तेल ओततो, अगदी तसंच. तेव्हा 'मुरवणं' तळघरात सांगेन, आणि 'जोपासणं' बागेत, वेलीसाठी.

शनिवारी कोल्हापूरचे आठ जण येतायत. थळ, पोटहिस्सा, घोळवणं, तस्त, मुरवणं, एवढे शब्द कागदावर लिहून गाडीत ठेवलेत. एक अजून हवाय. गिळल्यानंतर किंवा तस्तात टाकल्यानंतर चव तोंडात किती वेळ टिकते, ते इथे सेकंदांत मोजतात, आणि एका सेकंदाला 'कोदाली' म्हणतात. 'रेंगाळणं' हे क्रियापद मिळालं, पण मापाला काय म्हणावं?

माजघर

'पळ' नको, तो चोवीस सेकंदांचा. विचार करते, शनिवारच्या आत सांगते.