बीएल मानह्वा: नव्या वाचकाला पहिलं काय द्यावं?

निशिगंधा_२
जपानी मंगा (चित्रकथा) भरपूर वाचणाऱ्या, पण बीएल मानह्वाला (बीएल म्हणजे बॉइज लव्ह, दोन पुरुषांची प्रेमकथा; मानह्वा म्हणजे कोरियन चित्रकथा) हात न लावलेल्या मैत्रिणीसाठी सुचवा. अटी: दोघंही सज्ञान, कॉलेज किंवा ऑफिसातली गोष्ट, जबरदस्ती नको, कथा पूर्ण झालेली. शोधलं की तीच चार नावं पुढे येतात: 'सिमँटिक एरर', 'हिअर यू आर', 'पेंटर ऑफ द नाइट', 'किलिंग स्टॉकिंग'. यातलं काय द्यावं, काय टाळावं?

कोरा_कागद
'सिमँटिक एरर' डोळे मिटून द्या. संगवू कॉम्प्युटर सायन्सचा, नियमाला पक्का. ग्रुप प्रोजेक्टमध्ये काडीचंही काम न केलेल्यांची नावं तो सरळ उडवतो, आणि त्यात डिझाइनच्या जेयंगची पदवी लटकते. मग जेयंगचा सूड: संगवूला लाल रंग खपत नाही म्हणून हा रोज लाल घालून त्याच्यासमोर. पुढे दोघं एकाच मोबाइल गेमवर काम करतात. चिडण्यापासून ओढीपर्यंतचा प्रत्येक टप्पा दिसतो, म्हणून नवख्याला पटतं. मूळ वेब कादंबरी, त्यावर मानह्वा आणि 2022 मध्ये मालिका. आधी मानह्वा द्या. मालिका आटोपशीर आहे, तिच्यात संगवूच्या डोक्यातला हिशोब कमी दिसतो.

'हिअर यू आर'सुद्धा तुमच्या अटींत बसतं, फक्त ते चिनी आहे, म्हणजे मानह्वा नव्हे, मानहुआ. संथ, हळुवार, कॉलेजातलं. कोरियनचाच हट्ट नसेल तर दुसरा नंबर याचा.

रातकिडा
'किलिंग स्टॉकिंग' प्रेमकथेच्या यादीत टाकणाऱ्यांना काय म्हणावं! ती 2016 ते 2019 ची मानसशास्त्रीय भयकथा आहे: अपहरण, छळ, खून. भयकथा म्हणून जबरदस्त, पण 'रोमान्स' म्हणून हातात दिलीत तर मैत्रीण पुन्हा तुमचं काही वाचणार नाही.

'पेंटर ऑफ द नाइट'चं प्रकरण फसवं आहे. कोरियातला जोसन राजवटीचा काळ, चित्रकार नाक्योम, उमराव संगहो, आणि चित्रं इतकी देखणी की लोक तेवढ्यावरच शिफारस करतात. पण संगहो त्याला बळजबरीने आपला चित्रकार करतो आणि पुढेही संमती बराच काळ धाब्यावर बसते. तुमच्या अटीत बाद.

ओमेगाव्हर्स (माणसं अल्फा, बीटा, ओमेगा अशा गटांत विभागलेलं काल्पनिक जग) सुद्धा पहिल्या खेपेला नको. तिथे 'हीट'च्या (शरीराची ओढ अनावर होण्याच्या काळाच्या) नावाखाली संमतीचा प्रश्न वारंवार गुंडाळला जातो आणि नियम कळेपर्यंतच वाचक कंटाळतो. 'लव्ह इज अॅन इल्युजन' विनोदी असलं तरी तोच घोळ.

कोरा_कागद
रातकिड्याला अनुमोदन. ऑफिस हवं असेल तर 'द न्यू एम्प्लॉयी': जाहिरात कंपनीतला इंटर्न आणि त्याचा वरिष्ठ. वरिष्ठ-कनिष्ठ नातं आहे हे आधी सांगा, काहींना ते रुचत नाही.

निशिगंधा_२
'पूर्ण' लिहिलंय म्हणजे खरंच पूर्ण का? आणि वाचायची पद्धत मंगासारखीच?

घडीचा_डाव
'सीझन पूर्ण' आणि 'कथा पूर्ण' या वेगळ्या गोष्टी. सीझन संपला की लेखक-चित्रकार काही महिने गायब होऊ शकतात, तेही ऐन भांडणावर. मुख्य कथेनंतर बऱ्याचदा जोडकथा येतात. त्या चालू असल्या तरी वाचायला हरकत नाही, शेवट आधीच झालेला असतो.

वाचन वरून खाली, उजवीकडून डावीकडे नाही. चौकटींमधली लांब पांढरी जागा म्हणजे वेळ किंवा शांतता. मंगाच्या सवयीने भराभर सरकवलं तर नेमकी नजरानजर हुकते. कॉम्प्युटरवर खिडकी अरुंद करा, नाहीतर एकच चेहरा पडदाभर येतो.

पैशांचं: लेझिनसारख्या वेबसाइटवर आभासी नाणी विकत घेऊन भागागणिक उघडावं लागतं, काही ठिकाणी वर्गणी चालते. एकाच मालिकेसाठी नाणी ठीक, चाचपडत वाचायचं असेल तर वर्गणी. सुरुवातीचे काही भाग बहुधा फुकट असतात, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका, तिथे फक्त ओळखपाळख होते. काही मालिकांच्या दोन आवृत्त्या निघतात, सर्वांसाठीची आणि प्रौढांसाठीची. पहिलीत प्रसंग कापल्यामुळे दोघांचं वागणं अचानक बदलल्यासारखं वाटतं, तेव्हा कोणती उघडली आहे ते आधी बघा.