मदत हवी आहे: फायनल फँटसी ७ रिमेक संपवला, आता आधी काय खेळू?

रिमेक पूर्ण झाला, पण डोकं अजून मिडगारमध्येच, गेममधल्या त्या शहरातच आहे. (पुढे शेवटाचा उल्लेख आहे, खेळायचा असेल तर इथेच थांबा.)

१९९७ च्या मूळ गेममध्ये मिडगार काही तासांत मागे पडतं. २०२० चा रिमेक जवळजवळ पूर्ण तिथेच घडतो, त्यामुळे जेसी, बिग्ज आणि वेज हे साथीदार अगदी जवळचे वाटायला लागतात. सेक्टर ७ ची प्लेट (खालच्या वस्तीवर उभारलेला शहराचा वरचा थर) कोसळली तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवून नुसती बघत बसले. आणि फुलं विकणाऱ्या एरिथच्या चर्चमधलं ते संगीत!

पण शेवट? नियतीची राखण करणारे व्हिस्पर्स, त्या नियतीशीच लढाई, आणि मग झॅक नावाचं पात्र. मूळ गेम मी मिडगारपर्यंतच खेळलेय, त्यामुळे झॅक दिसल्यावर एवढं काय बदललं ते नीट उमगलं नाही.

तर रिमेकचा पुढचा भाग, २०२४ चा रीबर्थ, घेण्याआधी मूळ गेम पूर्ण करू, की झॅकची गोष्ट असलेला क्रायसिस कोअर रीयुनियन? दोन्ही खेळलेल्यांनी क्रम सांगा ना.

शिवाय हार्ड मोडमध्ये आयटम बंद, बाकावर बसून एमपीही (जादूसाठी लागणारे पॉइंट्स) भरत नाही. हेल हाऊस या बॉससाठी मटेरिया (शस्त्रांत बसवायचे जादूचे गोळे) कशी लावता?

पुढची कथा मात्र कृपया फोडू नका.