मदत हवी आहे: देवगिरीच्या वेढ्यात लोक खात काय असतील?

नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीतल्या पोरांचं एक छोटं नाटक बसवतोय, विषय १२९६ चा देवगिरीचा वेढा. अल्लाउद्दीन खिलजी अचानक येऊन धडकला, यादव राजा रामदेवरायाचा मुलगा शंकरदेव फौज घेऊन बाहेर होता, रामदेवरायाने घाईघाईत किल्ल्याचे दरवाजे लावले आणि वर नेलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघालं म्हणतात, हा प्रसंग तर पोरांना जाम आवडलाय. पण मला अडलंय ते रोजच्या जगण्यापाशी.

स्वयंपाकघराच्या सीनमध्ये एका आईने हौसेने मिरचीचा ठेचा आणि बटाट्याची भाजी लिहून आणली, आता तिला कसं सांगू की मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणे हे सगळं पोर्तुगीज आल्यानंतरचं, म्हणजे दोनशे वर्षं तरी नंतरचं! मग ज्वारीच्या भाकरीबरोबर काय दाखवू, तिखटासाठी मिरी चालेल ना? की साध्या घरात तीही परवडत नसेल?

दुसरं, धान्य पेवात (जमिनीत खणलेल्या खड्ड्यात) साठवायचे हे माहितीये, पण खडकाळ किल्ल्यावर पेव कसं खणणार, तिथे कोठारंच असणार ना? आणि साध्या शिपायाच्या हातात काय द्यायचं, भाला-ढाल की धनुष्य? तोफ मी काढून टाकलीय, किल्ल्यावरची ती प्रसिद्ध मेंढा तोफ खूप नंतरची आहे (पोरं रुसलीत त्यावरून).

यादवकाळावर मराठीत सोपं काही वाचलं असेल तर प्लीज सुचवा, तालीम रविवारी आहे.