३/१४ म्हणे निसर्गाचा संकेत!

तिरसट_सदाशिव: काल एकाने लिहिलं, ‘पायची किंमत ३.१४ आणि आज तारीख ३/१४, हा निसर्गाचा संकेत!’ डोंबलाचा संकेत. अमेरिकेत महिना आधी लिहितात, एवढंच. आपण १४/३ लिहितो. आपला पाय दिवस २२ जुलै, २२/७. शाळेत सगळ्यांनी तेच घोकलंय. शिवाय २२/७ चुकतं ०.००१२६ने आणि ३.१४ चुकतं ०.००१५९ने. करा वजाबाकी!

जर्सीची_सून: युनेस्कोने २०१९मध्ये १४ मार्च हाच गणित दिन ठरवला. आइन्स्टाईनचा वाढदिवसही तोच. तुम्ही बसा २२ जुलैला एकटेच.

तिरसट_सदाशिव: आइन्स्टाईन जन्मला जर्मनीतल्या उल्मला. तिथे १४.३ लिहितात, ताई.

जर्सीची_सून: बरं, जिंकलात. इथलं सांगते. एप्रिलअखेर सासूबाई आल्या. दह्याच्या डब्यावर ०५/०४ वाचलं, ‘तीन आठवडे शिळं खाता?’ म्हणाल्या आणि नवाकोरा डबा कचऱ्यात. ती होती ४ मे. तेव्हापासून घरात महिना अक्षरी.

बोरिवली_फास्ट: अमेरिका कशाला, मुंबईतच बघा. ११ जुलै २००६च्या लोकल स्फोटांना ‘७/११’ म्हणायचं आणि दोन वर्षांनी ‘२६/११’. त्या संध्याकाळी माझी नेहमीची गाडी चुकली, म्हणून हे लिहितोय. मुलगा विचारतो, ‘बाबा, ते नोव्हेंबरमध्ये ना?’

तिथीप्रेमी: तारखाच परक्या, मग उलट काय नि सुलट काय! तिथी धरा. शिवजयंतीसुद्धा फाल्गुन वद्य तृतीयेलाच हवी.

आकडेमोड्या: आलं का वळण तिथेच! पण घ्या, तुमच्या कामाचं आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख. आजच्या ग्रेगरियन हिशोबाने तो दिवस १ मार्च.

तिथीप्रेमी: म्हणजे तारीखवाले चुकले! लिहून ठेवतो.

आकडेमोड्या: ठेवा. शासनाने एक तारीख ठरवली, सगळ्यांना सुट्टी एकाच दिवशी मिळते. तुमचा पगार तिथीने होतो का? अधिक महिन्यात तेरावा मागा साहेबाकडे.

तिथीप्रेमी: महाराजांचा विषय आहे, पगार काढू नका. माझे आजोबा शंभर वर्षांची तिथी तोंडी सांगायचे. तुम्हाला उद्याची तरी येते?

आकडेमोड्या: भिंतीवर कालनिर्णय आहे, बघून सांगतो.

बोरिवली_फास्ट: अहो, विषय पायचा होता.

तिरसट_सदाशिव: राहू द्या आता. २२ जुलैला मी एकटाच बसतो. वर्ष-महिना-दिवस लिहा, २०२२-०७-२२, म्हणजे फायली तरी ओळीने लागतात. त्यात पाय दिसणार नाही, हे मान्य.

सातवा_सात्या: माझा जन्म ७/७/७७. पुण्यात वाचा, शिकागोत वाचा, उलटं होतच नाही. लोक म्हणतात, काय नशीब! पासपोर्टवर साल ७९ छापून आलं. दुरुस्तीला सात खेपा.

तिथीप्रेमी: त्या दिवशी तिथी कोणती होती?